भाताच्या दिवसांतलं बाळंतपण

पिरंगुटात रस्त्याला लागूनच एक फर्निचरचं दुकान आहे. लेकीला आता स्वतःची खोली हवी, खोलीत स्वतःचा पलंग हवा, म्हणून परवा तिला घेऊन तिथे गेले. सोफे खाली, पलंग वर, असं दुकानातल्या माणसाने सांगितलं. वर जायला जिना होता आणि जिन्याच्या शेजारी एक उतरण. सामान चढवायला बरी सोय केलीय, असं कुणालाही वाटेल. मी त्या उतरणीवर पाय ठेवला आणि माझी चाल आपोआप बदलली. पावलं फाकून पडायला लागली, एक हात कमरेवर गेला.

"आई, काय झालं गं?" स्वराने विचारलं.

"काही नाही. इथे पूर्वी दवाखाना होता. तू इथेच झालीस."

तिने चटकन मागे वळून पाहिलं. तो माणूस कुणाशी तरी फोनवर बोलत होता, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. तरी तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चारचौघांत आईने असलं काही बोललेलं चालत नाही, अशा वयात ती आहे आता.

वर सगळ्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केलेला. प्लायवूड, पॉलिश, नव्या गाद्यांच्या प्लास्टिकचा वास. जिथे प्रसूतीची खोली होती तिथे आरशांची कपाटं ओळीने उभी होती आणि प्रत्येक आरशात मी होते. पण फरशी तीच. पिवळसर, मधूनमधून काळे ठिपके असलेली. त्या फरशीवर मी अख्खा दिवस चालले होते, ते ठिपके मला पाठ झाले होते. डॉक्टरबाई थकल्यावर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेल्या, एवढंच कानावर होतं.

स्वरा पलंगाचे कप्पे उघडून बघायला लागली. मी मात्र तिथे नव्हतेच. मी माहेरी होते, भरे गावात, आमच्या शेताच्या बांधावर.

भाद्रपद सरत आला होता तेव्हा मी माहेरी भरेला आले. सासर लवळ्याचं. तिथे आमच्या खोल्यांत कॉलेजची मुलं भाड्याने राहायची आणि मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. दिवसभर रिक्षा, कँटीनची भांडी, मुलांचं हसणं-खिदळणं. भरेला आलं की आधी कानांना कळायचं. कंपनीचा भोंगा इथेही वाजायचा, पण तो लांबून, नदीवरून यावा तसा यायचा. बाकी वारा आणि भात. भात तेव्हा पोटरीवर होतं. रोपाच्या पोटात कणीस भरत आलेलं असतं, बाहेरून दिसत काही नाही, नुसता मधला भाग फुगीर लागतो. आई जाता-येता दोन बोटांत रोप धरून हलकेच दाबून बघायची आणि मग तिची नजर माझ्या पोटाकडे जायची.

त्या दिवसांचे वास अजून माझ्या नाकात आहेत. सकाळी चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा धुरकट वास. आई रोज बाळंतशेपा आणि ओवा भाजून डब्यात भरायची, तो वास. बांधावरच्या तेरड्याचा ओलसर हिरवा वास. आणि दुपारी ऊन तापलं की सगळ्या खाचरांवरून येणारा इंद्रायणी भाताचा गोडसर वास, जणू कुणीतरी लांब कुठे भात शिजायला ठेवलाय. माझ्या हातात त्या दिवसांत काही काम दिलं जात नव्हतं. भाजी निवडायला मात्र मी हटकून खाली बसायची, उकिडवी, गुडघे पोटापासून दूर ठेवून. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं तसं. वहिनी हसायची. ती माझ्या भावाची बायको, आदल्या वर्षीच तिचं सीझर झालेलं. तिचा बाबू तिच्या कडेवरून माझ्या पोटावर हात मारायचा.

आमच्या घरात एक गोष्ट होती. बाळंतपणाचा विषय निघाला की आई उठून जायची. शेजारच्या बायका गप्पा मारताना कुणाला कळा किती वेळ आल्या, कुणाचं मूल पायाळू, असलं काही सुरू झालं की आईला गोठ्यातलं, न्हाणीतलं, कुठलं तरी काम आठवायचं. लहानपणापासून आम्ही ते बघत आलो. का, ते कुणी विचारलं नाही. भिंतीवर एक फोटो होता, दोन मुली एकाच मापाच्या परकरात उभ्या. एक आई. दुसरी शेवंता, तिची थोरली बहीण. शेवंता मावशी पहिल्या बाळंतपणात गेली. एवढंच एक वाक्य घरात होतं, त्याच्या पुढे-मागे काही नव्हतं.

त्यामुळे दवाखान्यात पहिल्यांदा आईला बरोबर नेलं तेव्हा तिने जे केलं त्याचं मला नवल वाटायला नको होतं. तपासणी झाली. बाळाचं डोकं खाली, वजन बरं, माझं रक्त थोडं कमी होतं ते आता सुधारलेलं. डॉक्टरबाई उंच, पांढऱ्या केसांचा आंबाडा, बोलणं सरळ. त्या काही सांगणार तेवढ्यात आई म्हणाली, "बाई, तारीख द्या. चांगला दिस बघून पोट फाडा आन् मोकळी करा माझ्या पोरीला."

मी खाली बघितलं. खरं तर मलाही भीती वाटत होती. ग्रंथालयातल्या सगळ्या मैत्रिणींनी तारखा घेऊनच मुलं जन्माला घातली होती. एक म्हणाली होती, कशाला त्या कळा सोसायच्या, आपण काय जुन्या काळातल्या आहोत?

डॉक्टरबाईंनी आईला उत्तर न देता मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला कळतच नाही काय वाटून घ्यायचं ते."

"मग आधी समजून घे, मग वाटून घे." त्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि त्यावर गर्भपिशवी काढली, एखादी उलटी टांगलेली सुरई असावी तशी. "हे तोंड आता घट्ट बंद आहे. कळ येते म्हणजे ही पिशवी आवळते आणि हे तोंड थोडं थोडं उघडतं. कळ येते आणि जाते. मध्ये विसावा असतो, तो खरा, त्यात श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं, चालायचं. तोंड पूर्ण उघडल्याशिवाय जोर लावायचा नाही. पूर्ण उघडलं की शरीरच जोर मागतं. मूल खाली येताना त्याची छाती चेपली जाते, फुप्फुसातलं पाणी निघतं, श्वास घ्यायला ते तयार होऊन येतं. तुझ्या पोटावर जखम नाही, रक्त कमी जातं, त्याच दिवशी तू उठून चालशील. मुलाला लगेच छातीशी घेशील, दूध लवकर उतरेल. पुढचं बाळंतपण सोपं जातं. हे फायदे. आता तोटे. दुखतं. कधी टाके पडतात. किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. आणि कधी कधी एवढं सगळं करूनही शेवटी ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावंच लागतं."

"मग आधीच का न्हाई घ्यायचं?" आई म्हणाली.

"कारण तिची तब्येत ठीक आहे, बाळ ठीक आहे. कारण नसताना पोट कशाला उघडू? कारण असलं तर एक क्षण थांबणार नाही."

आई उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

संध्याकाळी वहिनी बाबूला भरवत होती तेव्हा मी तिच्याजवळ बसले. तिला विचारलं, "वहिनी, मी नॉर्मलचा प्रयत्न करते म्हटलं तर तुला वाईट नाही ना वाटणार?"

ती घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "मला का वाईट वाटंल? याचे ठोके घसरले व्हते. ते टेबल नसतं तर हा नसता. मला त्या टेबलाची लाज न्हाई वाटत, ताई. तुमी तुमचं बघा. फकस्त उठता-बसता टाका वढला की मला शिव्या सुचायच्या, तेवढं तुमाला चुकलं तर बरं."

आम्ही दोघी हसलो. आई चुलीपाशी होती, तिची पाठ आमच्याकडे होती. ती हसली नाही.

मी तेव्हाच ठरवलं. आता आठवताना वाटतं, ठरवणं म्हणजे काही मोठं गाजावाजाचं नसतं. पाठीला उशी लावून बसावं तसं ते आत कुठेतरी बसतं आणि मग हलत नाही. सीझर वाईट म्हणून नव्हे. मला फक्त भीतीच्या सांगण्यावरून काही करायचं नव्हतं. ती भीती माझीही नव्हती, फोटोतून उतरून घरभर वावरणारी होती, आणि मी तिच्याबरोबरच लहानाची मोठी झाले होते.

भात निसवलं. एके दिवशी सगळी खाचरं एकदम वेगळ्याच रंगाची दिसायला लागली, कोवळ्या लोंब्या बाहेर आल्या होत्या. सकाळी आई आणि मी बांधावरून चालायला जायचो. चालणं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं, त्याला आईची हरकत नव्हती. ती पुढे, हातातल्या काठीने गवत बाजूला सारत, मी मागे. तिथेच एकदा मी तिला म्हणाले, "आई, आत एका बाईमाणसाला येऊ देतात. मला तू हवीस."

ती चालायची थांबली नाही. "वहिनीला ने."

"मला तू हवीस."

"मी आत येनार न्हाई. तुला सांगून ठिवते."

"शेवंता मावशीमुळे?"

ते नाव मी तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं असेन. ती थांबली. काठी बांधात रुतवून उभी राहिली. तिच्या पायाशी पाटाचं पाणी वाहत होतं, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"मी तिच्याजवळ व्हते," ती म्हणाली. "धरनापल्याडच्या वाडीत. सकाळधरनं तिला कळा. मी तिचं केस इंचरत बसलेली, दुसरं काय करायचं ते कळंना म्हनून. आन् समद्या बाया तिला एकच सांगायच्या, कळ काढ. बाईच्या जातीनं कळ काढायची असती. ती म्हनायची, काय तरी येगळं व्हतंय, मला कुटं तरी न्या. कोनी आयकलं न्हाई. कळ काढ, कळ काढ. दुपार टळून गेली. मग ती काई म्हनायचीच बंद झाली."

तिने काठी उपटली. "आन् आता तू म्हनतीस मला कळ काढायची हाय."

मी तिच्यासमोर येऊन उभी राहिले. बांध अरुंद होता, माझं पोट मध्ये आलं. "आई, मी कळ काढत बसणार नाही. तिचं कुणी ऐकलं नाही. माझं ऐकणारी माणसं तिथे आहेत. बाळाचे ठोके बघत राहतील, माझी नाडी बघतील. काही बिघडतंय म्हणाले तर मी त्याच क्षणी टेबलावर जाईन. मी नॉर्मल म्हणते ते सोसायचं म्हणून नाही. चांगलं होत असेल तर होऊ द्यायचं, आणि होत नसेल तर थांबवायचं, एवढंच."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. मग म्हणाली, "थांबवायचं कवा, ते कोन ठरवनार?"

"डॉक्टरबाई."

"मग मला तिला इचारायचंय."

दुसऱ्याच दिवशी माझी तपासणी नसताना आम्ही पिरंगुटला गेलो. आईने धुतलेलं पातळ नेसलं होतं, पदर कमरेला खोचलेला. आत जाऊन खुर्चीवर बसली नाही, टेबलाला हात टेकून उभी राहिली.

"बाई, तुमी कधी थांबनार?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्या चिडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "बसा, सांगते."

"उभ्यानंच सांगा."

मग त्यांनी सांगितलं. बाळाचे ठोके थोड्या थोड्या वेळाने ऐकत राहणार, प्रत्येक कळ ओसरल्यावर. ते घसरले आणि सावरले नाहीत तर थांबणार. कळा चांगल्या येऊनही तोंड उघडेना, मूल पुढे सरकेना, तर थांबणार. रक्त जास्त गेलं, ताप आला, रक्तदाब चढला, तर थांबणार.

"आन् पोरगीच म्हनली, मला न्हाई सोसत, तर?"

"तर तिला विचारेन, तपासेन, आणि खरं काय आहे ते तिला सांगेन. तिला कुणी गप्प बस म्हणणार नाही. माझ्या दवाखान्यात नाही."

आई थोडी हलली. "भूल द्यायला कोन?"

"भुलीचे डॉक्टर इथेच जवळ राहतात. तुमची मुलगी आत आली की त्यांना निरोप जातो."

"मला ती खोली दावा."

"ऑपरेशनची?"

"व्हय."

त्या दिवशी त्या खोलीत काही काम नव्हतं. डॉक्टरबाईंनी आम्हाला चपला बदलायला लावल्या, डोक्याला टोप्या बांधल्या. आईच्या पांढुरक्या केसांवर ती हिरवी टोपी बघून मला हसू आलं. आई त्या टेबलाभोवती फिरली. वरच्या मोठ्या दिव्याकडे बोट करून म्हणाली, "वीज गेली तर?" डॉक्टरबाईंनी जनरेटर दाखवला. चालू करून दाखवा म्हणाली. त्यांनी माणसाला सांगून चालूही केला. तो धडधडायला लागला तशी आई कान देऊन उभी राहिली, जणू त्याची नाडी बघतेय. प्रसूतीच्या खोलीपासून टेबलापर्यंत ती स्वतः चालत गेली आणि परत आली. शेवटी म्हणाली, "जवळ हाय."

परतताना रिक्षात तिने पर्समधून आवळासुपारी काढून मला दिली, स्वतःही तोंडात टाकली. आत येईन असं ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

कापणीचे दिवस आले. सगळ्या शिवारात विळ्यांची कचकच, पेंढ्यांचे ढीग, खळ्यावर झोडणी. हवेत बारीक तूस तरंगायचं, घामाने अंगाला चिकटायचं, खाजायचं. मला त्यात जायला बंदी होती. मी पडवीत बसून पलीकडच्या खळ्यावरचा आवाज ऐकायची. धप्प, धप्प, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा धप्प. असंच एका सकाळी, तो आवाज ऐकता ऐकता, माझ्या कमरेतून काहीतरी सरकत पुढे आलं आणि पोट दगडासारखं झालं. मग सुटलं. पुन्हा आलं. मी हाक मारली नाही. खोटी कळ असेल म्हणून उठून अंगणात चालले. चालल्यावर ती थांबली नाही, वाढली.

आई चहा घेऊन आली तेव्हा मी तुळशीजवळ कट्ट्याला हात टेकून उभी होते. तिने बघितलं. चहा खाली ठेवला. "चल," एवढंच म्हणाली. वहिनीने पिशवी आधीच भरून ठेवली होती. माझ्या नवऱ्याला तिनेच फोन केला, तो कंपनीतून थेट दवाखान्यात आला आणि दिवसभर बाहेरच्या बाकावर चप्पल काढत, घालत, पुन्हा काढत बसला.

मग ती पिवळी फरशी. खिडकीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून खिडकीपर्यंत. खिडकीतून टेकडी दिसायची, तिच्यावर सोनकीची पिवळी फुलं आता वाळून तपकिरी झाली होती. कळ आली की मी खिडकीचा कठडा धरायची आणि सिस्टर माझी कंबर तळहाताने दाबायची. गोड बोलायची ती. "आली, आली, आता उतरतेय बघ, गेली." मध्ये ती ते छोटं यंत्र पोटावर ठेवायची आणि खोलीभर बाळाचे ठोके घुमायचे, घोडा पळावा तसे. त्या आवाजाने मला धीर यायचा. ग्लुकोजचं पाणी, दोन घास शिरा, पुन्हा चालणं. आई दाराबाहेर होती. दार उघडलं की तिचे पाय दिसायचे, बोटांना नख्या फुटल्यासारखे जमीन धरून ठेवलेले.

दुपारी पाणमोट फुटून पाणी गेलं आणि मग कळांना मधला विसावा उरला नाही, असं मला वाटायला लागलं. एक जाते न जाते तोच दुसरी. पाय थरथरायला लागले, उलटी झाली. थंडी वाजत होती आणि घामही फुटत होता. एवढे दिवस जे ठरवून बसले होते ते कुठल्या कुठे गेलं. मी डॉक्टरबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "नाही जमत मला. कापा. आत्ता कापा."

त्यांनी तपासलं. ठोके ऐकले, पुन्हा ऐकले. "बाळ छान आहे. तोंड जवळजवळ पूर्ण उघडलंय. अशा वेळी सगळ्याच बायकांना असं वाटतं. तू पोचलीस, बाळा. तरी तू म्हणशील तसं. मी भुलीच्या डॉक्टरांना बोलावू का?"

मी उत्तर द्यायच्या आत दार उघडलं. आई आत आली. तिने पदर खोचला होता, हात कोपरापर्यंत धुतलेले, ओले. सिस्टरने तिला गाऊन दिला होता तो उलटा घातला होता. ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे तळहात खरबरीत होते, भाताच्या पात्यांनी चिरलेले.

"माझ्याकडं बघ," ती म्हणाली. "तुला सोसत नसंल तर सांग. या बाईला मी आत्ता सांगते, पल्याड नेऊ तुला. कोनाच्या बापाची भीती न्हाई. कोन तुला नाव ठेवनार न्हाई. तू नुसतं सांग."

एवढी वर्षं तिच्या मनात शेवंता मावशीला म्हणायचं राहून गेलेलं ते वाक्य होतं. ते माझ्या तोंडावर, तिच्या श्वासासकट आलं. आणि काय झालं ते मला कधीच नीट सांगता येणार नाही. दार उघडं आहे, टेबल जवळ आहे, आई माझं ऐकतेय, एवढं कळलं आणि अंगातली सगळी आवळण सैल झाली. पुढची कळ आली तेव्हा मी त्या कळेशी भांडले नाही. ती गेल्यावर मी म्हणाले, "थांब. अजून थोडं बघते."

"बघ," आई म्हणाली. "मी हाय."

मग जोर लावायची ओढ आली. आपण जोर लावतो असं नसतंच ते, आपल्यातून कुणीतरी नांगर ओढतं. मी पलंगावर आडवी झाले नाही. डॉक्टरबाईंनी मला पलंगाच्या कडेला उकिडवी बसवलं, आईने मागून माझ्या काखांत हात घातले आणि आपलं सगळं वजन मला दिलं, की माझं घेतलं, कोण जाणे. मी ओरडले. मोठ्याने, खळ्यापर्यंत ऐकू जाईल असं. गप्प बस कुणी म्हटलं नाही. आई माझ्या कानाशी म्हणत होती, "वरड. वरड बये."

जळजळ झाली, विस्तवाचं कडं असावं तशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता जोर नको, नुसता श्वास सोड, हळू, हळू." आणि मग ते गरम, निसरडं, जिवंत वजन घसरत बाहेर आलं.

वरवर टिपलेलं, अजून ओलं मूल सिस्टरने तसंच माझ्या छातीवर ठेवलं. ते निळसर जांभळं होतं, मग बघता बघता गुलाबी झालं. रडलं आधी बारीक, मग चांगलं तोंड उघडून. नाळ अजून धडधडत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबू दे तिचं तिला, मग कापू. मुलीने मान हलवली, नाक माझ्या अंगाला घासलं, शोधत शोधत तोंड लावलं. तिच्या डोक्याला एक वास होता. किती वर्षं मी तो वास शोधतेय. दुधाचा नव्हे, रक्ताचाही नव्हे. नुकत्या सोललेल्या ओल्या दाण्याचा असावा तसा काहीसा. थोड्याच दिवसांत तो गेला, आणि पुन्हा कुठे मिळाला नाही.

वार पडली, दोन-तीन टाके पडले, ते पुढे बरेच दिवस बसताना टोचले. खोटं कशाला सांगू? पण दिवे लागायच्या वेळी मी आईचा हात धरून स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत चालत गेले, तोंड धुतलं, आरशात बघितलं. केस विस्कटलेले, डोळ्यांत लाल रेघा. मला ती बाई फार आवडली.

मग घरचे दिवस. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. धुरात न्हालेले केस. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूप सुटलेला मऊ भात. नव्या इंद्रायणीचाच तो भात, आईने मुद्दाम पहिला घरचा तांदूळ काढला होता. बाजेखालून येणारी ऊब. लेकीचं इवलंसं शिंकणं. वहिनी आपल्या बाबूला घेऊन पायथ्याशी बसायची आणि दोन्ही मुलं दोघींच्या अंगावर दूध पीत असायची. आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवायचो.

बारशाआधी मी म्हणाले, नाव शेवंता ठेवू. आई पाळण्याची दोरी ओवत होती. "न्हाई," ती म्हणाली. "तिचं तिला राहू दे. ह्या पोरीवर कशाला तिचं वझं? हिचं नवं नाव ठेव." आणि मग, दोरी ओवता ओवता, तिने पहिल्यांदा शेवंता मावशीबद्दल सांगितलं. मरणाचं नव्हे. ती करवंदं चोरायची आणि ओच्यात घालून पळताना सांडायची. पोहताना डोहात बुडी मारून इतका वेळ आत राहायची की आईला रडू यायचं. हसली की तिचा एक दात पुढे दिसायचा. फोटोत तोंड मिटलेलं होतं, म्हणून आम्हाला कधी कळलं नव्हतं.

दुकानातला माणूस विचारत होता, "मॅडम, हा फायनल करू का?" स्वराने पांढरा पलंग पसंत केला होता. मी हो म्हटलं. बाहेर पडल्यावर मी गाडी लवळ्याकडे वळवली नाही, भरेला वळवली. स्वराने कुठे चाललोय म्हणून विचारलं नाही. घाट दिसायला लागला तेव्हा तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "खूप दुखलं होतं?"

"खूप."

"मग सीझर का नाही केलंस?"

"आजीला विचार," मी म्हणाले. "ती होती तिथे."

आई पडवीत शेंगा फोडत बसली होती. आता तिला कमी ऐकू येतं, गुडघे धरतात, पण नजर तीच. स्वराने तिच्याजवळ बसकण मारली आणि जरा अडखळत, माझ्याकडे न बघता, विचारलंच. आईने हातातली शेंग खाली ठेवली. सगळं सांगितलं. पिशवी कशी असते, कळ कशी येते, ठोके कसे ऐकतात, जनरेटर कसा चालू करून घेतला, मी कशी ओरडले. काहीही गाळलं नाही. शेवटी स्वराच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "दुखतं ते दुखतंच. पर भ्यायचं न्हाई आन् गप बी बसायचं न्हाई. इचारायचं. डाक्टर असू दे, आय असू दे, न्हाईतर नवरा. उत्तर मिळंस्तोवर उठायचं न्हाई."

स्वराने सुपातल्या शेंगा दोघींच्या मध्ये ओढल्या, मांडी नीट घातली आणि विचारायला सुरुवात केली.